ढगातल्या फायली आणि तिन्हीसांजेचा केर

"बूट काढायला लावले, ठीक हाय. पण आता मोजे दिसतात ना गो! माझ्या मोज्याला अंगठ्याशी भोक हाय," हेडक्लार्क रघूभाऊ अनिताच्या कानाशी कुरकुरले आणि उजवा पाय डाव्यामागे लपवून बगळ्यासारखे उभे राहिले.

रोह्यातल्या त्या कॉलेजच्या संगणक कक्षात मुंगीला शिरायला जागा नव्हती. प्राध्यापक खुर्च्यांवर, विद्यार्थी खिडक्यांच्या कठड्यांवर, शिपाई दारात. मधल्या टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपवर भगवी शाल, शालीभोवती सात लिंबं आणि बाजूला शेंडीचा नारळ. टेबलामागे अद्वयगुरू. पांढरा कुर्ता, कपाळाला गंध आणि कानात निळा दिवा लुकलुकणारं ते फोनचं यंत्र. संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना खास धाडलं होतं. पत्रिकेवर पदवी छापली होती, 'डेटा-संस्कारक'.

"आत्मा कुठे राहतो?" गुरूंनी विचारलं.

"वर!" विद्यार्थी ओरडले.

"डेटा कुठे राहतो?"

"वर!"

"आणि मध्ये काय असतं?"

"ढग!"

"म्हणून जो ढगाला प्रसन्न करतो, त्याचा डेटा परत येतो. कोणाची फाइल हरवली आहे, पुढे या."

कॉमर्सच्या बाई पुढे गेल्या. गुरूंनी कान पुढे केला, बाईंनी त्यात हळूच पासवर्ड सांगितला. गुरूंनी डोळे मिटले, दोन्ही हात शालीखाली घातले, ओठ पुटपुटायला लागले. एक लिंबू कापलं. दुसरं कापलं. मग शाल ओढली, तर भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर बाईंची हरवलेली फाइल, तिच्या सगळ्या तक्त्यांसह! टाळ्यांनी खिडक्या हादरल्या. मागच्या रांगेतल्या एका सरांनी तर पडद्यालाच नमस्कार केला.

रघूभाऊंना राहवेना. भोक विसरून ते पुढे झाले. "महाराज, माझी वेतनश्रेणीची फाइल. गणपतीच्या सुट्टीत गेली."

गणपती होऊन दोन महिने लोटले होते. गुरूंनी पासवर्ड घेतला, शालीखाली हात घातले, बराच वेळ ठेवले. मग उसासा सोडला. "भाग्यवान आहात. त्या फाइलला मोक्ष मिळाला. ती आता परत येणार नाही."

"आता मोक्षाला गेलेल्या फाइलीवर वेतनवाढ मिळते का, ते बघायला लागेल," रघूभाऊ परत येता येता पुटपुटले.

सगळे हसले, अनिताही हसली. पण हसता हसता तिच्या मनात कुसळ अडकलं. मोक्ष फक्त जुन्या फाइलीलाच कसा मिळतो?

अनिता या कक्षाची हंगामी मदतनीस. कुंडलिकेपलीकडे अष्टमीत राहायची, रोज पूल चालत यायची. नवऱ्याची कंपनी चार महिने बंद, त्यामुळे घर तिच्याच पगारावर. शाळा नववीत सुटलेली, पण बारा वर्षं कीबोर्ड पुसता पुसता अक्षरं कुठे आहेत ते बोटांना पाठ झालं होतं. एकदा पाठ झालं म्हटल्यावर दाबून बघण्यापासून तिला कोण अडवणार?

श्रावणात विद्यापीठाने हुकूम काढला होता, की सगळ्या फायली कपाटातून आणि पेनड्राइव्हमधून काढून क्लाउडवर न्यायच्या. शिकवायला सावनी नावाची मुलगी आली. दोन तास बोलली. दर पाच मिनिटांनी विचारायची, "समजलं ना?" आणि अख्खा स्टाफ म्हणायचा, "होऽ!" पेणहून येणारे इतिहासाचे विभागप्रमुख मोरोपंत सर तर सगळ्यांत पुढे बसून, सगळ्यांत मोठ्याने. अनिता चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिला कुणी समजलं का म्हणून विचारलं नाही, म्हणून तिला लाजायचंही कारण नव्हतं. सावनी कप ठेवायला आली तेव्हा अनिताने विचारून घेतलं, "ताई, यातलं पुसलेलं जातं कुठं?" सावनीने हसून दाखवलं होतं.

आणि मग फायली गायब व्हायला लागल्या. आज मराठीची, उद्या भूगोलाची, परवा प्रवेशाच्या याद्या. कशा, ते कुणालाच कळेना. विचारणार कुणाला? समजलं असं तर सगळ्यांनीच सांगितलेलं.

"आता मूळ दोष सांगतो," अद्वयगुरूंनी हात वर केला. "फायली कधी जातात?"

रघूभाऊंनी टिपण ठेवलं होतं. त्यांनी वाचून दाखवलं, "बहुतेक संध्याकाळी साडेपाच ते सहा, महाराज."

"तिन्हीसांजा!" गुरू असे दचकले, की एक लिंबू घरंगळलं. "दिवेलागणीला केर काढला तर घरातली लक्ष्मी जाते, हे आपल्या आज्ज्या सांगत होत्या. इथे डेटा हीच लक्ष्मी. या खोलीत त्या वेळी झाडू कोण फिरवतं?"

साठ माना वळल्या. अनिता दारात होती. तिच्या हातात झाडू नव्हता, तरी तिने हात पाठीमागे नेले.

कक्ष सुटायचाच साडेपाचला. ती झाडणार तरी केव्हा? पण हे बोलायला तिचं तोंड उघडेपर्यंत गुरूंचा निकाल लागला होता, "ही छाया इथून हलवा. शुद्धी मी उद्या अकराला करतो."

प्राचार्या आसावरी मॅडम रसायनशास्त्राच्या. मनाने वाईट नव्हत्या, पण अध्यक्षांचा फोन आला की त्यांचं रसायनशास्त्र विरघळायचं. त्यांनी अनिताला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाइप केलेलं पत्र होतं. "सोमवारपासून येऊ नकोस. मला स्वतःला हे पटत नाही, अनिता. पण एवढ्या फायली गेल्या, कुणाचं तरी नाव मला वर कळवावंच लागेल. दुसरं नाव माझ्याकडे नाही."

"पत्र आजच द्याल?"

"उद्या शुद्धी झाली की सही करते."

बाहेर नळावर किमया तोंड धूत होती. डोळे सुजलेले. धरमतरच्या खाडीकाठची ही मुलगी, वडील मिठागरात. भूगोलाच्या प्रकल्पासाठी तिने उधाणाने फुटलेले बांध चिखलात उतरून मोजले होते. सगळे फोटो, सगळी मापं कॉलेजच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवली होती. भूगोलाचे सर म्हणालेले, तिथंच ठेवा, सुरक्षित असतं. काल संध्याकाळी ते सगळं गेलं. प्रकल्प जमा करायचा शनिवारी.

"महाराजांना सांगितलंस?"

"मुलांची गाऱ्हाणी उद्या घेणार म्हणे. आणि मावशी, तुमच्याबद्दल ते बोलले ते मला नाय पटलं. आमच्या घरी बापूस मीठ ओढून तिन्हीसांजेलाच येतो. आय तेव्हाच केर काढते. लक्ष्मी आमच्याकडं मुळात आलीच नाय, तर जाईल कुठनं?"

अनिताला पहिल्यांदा खरं हसू आलं. "चल, मला एक बघायचंय."

तिचा एक जुना नेम होता. प्रत्येक विभागाची रद्दी ती आठ दिवस गोणीत भरून जिन्याखाली ठेवायची आणि मगच भंगारवाल्याला द्यायची. कारण दर चार दिवसांनी कुणीतरी सर धावत यायचे, "अनिता, कालचा कागद चुकून टाकला गं!" नवव्या दिवशी आले तर ती म्हणायची, "आता तो गेला, सर." मोक्षालाच गेला म्हणायचा!

किमयाने फोनवर आपलं खातं उघडलं. अनिताने बोट ठेवलं, "ही बघ केराची टोपली. सावनीताई म्हणालेल्या, पुसलेलं तीस दिवस हितं राहतं. मग कायमचं जातं."

टोपली रिकामी होती. किमयाचा चेहरा पडला.

"थांब गो. ही तुझ्या खोलीतली टोपली. पण तू वस्तू ठेवलीस सगळ्यांच्या सामायिक कपाटात. त्या कपाटाची टोपली येगळी असंल का?"

होती. पण ती उघडायला गेल्यावर पाटी आली, परवानगी नाही. विद्यार्थ्यांना मज्जाव होता. शिक्षकांना मात्र ती उघडता येणार होती, आणि शिकवायला म्हणून गुरूंना अख्ख्या कॉलेजच्या खात्यांच्या किल्ल्या देऊन ठेवल्या होत्या.

"म्हणजे शालीखाली..." किमया म्हणाली.

"केर उपसतोय मेला," अनिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा तीच गर्दी, लिंबं मात्र एकवीस. रघूभाऊ नवे मोजे घालून आले होते. गुरूंनी शाल पसरली आणि अनिताकडे बोट केलं, "आधी ही बाई बाहेर."

"जाते," अनिता म्हणाली. "फक्त मॅडम, जाताना एक विनंती. तुमच्या स्वतःच्या खात्यानं, तुमच्या टेबलावरनं, मी सांगते तिथं दाबा. मला पासवर्ड नको. कानात तर अजिबातच नको."

"यात ऊर्जेचा भंग होईल!" गुरू ओरडले.

"महाराज, ढगाच्या देवाला आपल्या माणसाचा पासवर्ड का लागतो, तेवढं सांगा. मी लगेच जाते."

खिडकीतून एक हसू फुटलं. मग दुसरं. आसावरी मॅडमनी चष्मा लावला. कालच्या पत्राने रात्रभर त्यांनाही टोचलं असावं. त्यांनी स्वतःचा लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला. "सांग."

"सामायिक कपाट. आता डावीकडे खाली, टोपलीचं चित्र. दाबा."

पडद्यावर फायलींची रांग उभी राहिली. मराठीची, प्रवेशाच्या याद्या, तिमाही गुण. आणि त्यात एक फोल्डर, 'फुटलेले बांध'. किमयाने तोंडावर हात ठेवला.

"त्यावर उजवं बटण. 'पूर्ववत करा' लिहिलंय, तिथं दाबा."

मॅडमनी दाबलं. फोल्डर टोपलीतून नाहीसं झालं आणि कपाटात आपल्या जागी जाऊन बसलं. लिंबू नाही, मंत्र नाही.

"ही माझ्या कालच्या स्पंदनांची कृपा!" गुरूंनी शेवटचा डाव टाकला. "ती अजून या खोलीत आहेत."

"मग त्याच स्पंदनांनी रघूभाऊंची गणपतीतली फाइल आणा," अनिता म्हणाली. "नाय येणार. तीस दिवस झाले की टोपली आपोआप रिकामी होते. तोच ह्यांचा मोक्ष. तुम्ही शालीखाली जे केलंत, ते आत्ता मॅडमनी उघड्यावर केलं. एवढाच फरक."

"महाराज, लिंबं राहू द्या हितं," रघूभाऊ म्हणाले. "कँटीनला सरबताला होतील. नारळ मात्र घेऊन जा, वाटेत फोडा."

मग जो हशा झाला, त्यात अद्वयगुरूंनी शालीची घडीसुद्धा नीट केली नाही. दारातून ते निघाले, तेव्हा कानातला निळा दिवा तेवढा भक्तिभावाने लुकलुकत होता. मॅडमनी तिथल्या तिथे रघूभाऊंना सांगितलं, आधी त्यांच्या किल्ल्या बंद करा आणि सगळ्यांचे पासवर्ड बदला.

मुलं अनिताभोवती जमली. ती त्यांना एवढंच म्हणाली, "गेलेली वस्तू कुठं गेली, हे आधी विचारा. आपल्या हातानं बघा. एवढं करून नाय सापडली, तर मग ठरवा कुणाच्या पाया पडायचं ते."

पण मॅडम खुर्चीतून उठल्या नव्हत्या. पत्र अजून त्यांच्यासमोर होतं. "फायली टोपलीत गेल्या, हे कळलं. पण रोज संध्याकाळी त्या टोपलीत टाकल्या कुणी? उद्या अध्यक्ष म्हणतील, त्या वेळी खोलीत हीच असते, हिनेच दाबलं असेल. नाव लागेल मला, अनिता."

"नाव दिसतं, मॅडम. त्या बाजूला घड्याळासारखं चिन्ह हाय. कुणी, कधी, काय केलं, सगळं लिहिलेलं असतं."

सगळ्यांची नजर त्या चिन्हावर गेली. बऱ्याच जणांनी मनातल्या मनात आपापली बोटं आठवून बघितली.

अनिताला नाव माहीत नव्हतं, पण तिला टेबलं माहीत होती. पेणची गाडी गाठायला रोज सहाला निघणारं आणि निघण्यापूर्वी टेबल असं स्वच्छ करणारं एकच माणूस होतं, की त्यावर चहाच्या कपाचा गोल डागही उरत नसे. दुसऱ्याचा कागद आपल्या टेबलावर आला, की त्याला चैन पडायचं नाही. मराठीतच सही करणाऱ्या अनिताला, कक्षात लागली तेव्हा, इंग्रजीत सही करायला त्यांनीच शिकवलं होतं.

"दाबू?" मॅडमनी विचारलं.

अनिताने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "नका दाबू, मॅडम."

"अगं, तुझी नोकरी आहे."

"हाय ना. पण भिंतीएवढ्या पडद्यावर कुणाचं नाव लिहायचं म्हणजे... नको. काल मी हितं उभी होते. मला ठाऊक हाय ते कसं असतं."

मॅडमचं बोट बटणावरच राहिलं. रघूभाऊ खाली मोज्यांकडे बघत होते. कॉमर्सच्या बाईंनी पर्सची चेन उघडली आणि लावली.

पुढच्या रांगेत खुर्ची सरकली. मोरोपंत सर उठले. टेबलाच्या कडेला धरून उभे राहिले. पुढच्या वर्षी निवृत्त होणार असलेले, साऱ्या तालुक्याने ज्यांना भाषणाला बोलवावं असे मोरोपंत सर.

"बोट काढा, मॅडम. मी टाकल्या," ते म्हणाले. "माझ्या पडद्यावर रोज दुसऱ्यांची कागदपत्रं दिसायची. मला वाटलं, चक्रमुद्रित परिपत्रक येतं तशी प्रत्येकाला एकेक प्रत येते. माझ्यापुरती काढून टाकली, तर इतरांची राहीलच. म्हणून निघताना आवरून जायचो. गेल्या आठवड्यात शंका आली, तरी गप्प बसलो. काल या बाईकडे बोट दाखवलं, तेव्हाही गप्प बसलो."

त्यांनी किमयाकडे पाहिलं, मग अनिताकडे.

"सावनी विचारत होती, समजलं ना. सगळ्यांत मोठ्याने हो म्हणणारा मी होतो. मला त्यातलं काहीही समजलं नव्हतं."