बिनगजांची खिडकी

वाडीत पुठ्ठ्याच्या गोदामावरच्या दोन खोल्या घेताना कामिनीने फक्त भाडं पाहिलं होतं. जानेवारीत मागच्या गल्लीतलं गोदाम भरदुपारी पेटलं, तेव्हा तिला जिना दिसला. एकच जिना, तोही गोदामाच्या शटरला खेटून उतरणारा. नवरा वैभव महिन्यातले वीस दिवस ट्रक घेऊन बाहेर. म्हणजे गुडघे धरलेले सासरे मारोतराव, सासू रुख्माबाई आणि सात वर्षांची प्रणाली, तिघांना बाहेर काढायचं ते तिनेच.

तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतली ती नव्हे. मागच्या खोलीतली एकच खिडकी बिनगजांची होती. तिच्यातून पाय टाकला की शेजारच्या देवरावांची गच्ची. महिन्याच्या पहिल्या रविवारी चार वाजता कामिनी शिट्टी फुंकू लागली. काही उचलायचं नाही, थेट गच्चीवरच्या टाकीजवळ भेटायचं. पहिल्या खेपेला रुख्माबाई दूध उतू जाईल म्हणून परत फिरल्या. पण एप्रिलपर्यंत सगळे दोन मिनिटांत टाकीशी पोचू लागले, मारोतराव कुरकुरत का होईना.

मेमध्ये शिट्टी वाजली, सगळे मागच्या खोलीत आले आणि थबकले. खिडकीत कूलर होता.

दरवर्षीसारखा वैभवने तो बसवला होता. खिडकीला गज नव्हते ते त्याच्यासाठीच. रोज त्यात पाणी भरणारीही कामिनीच, आणि बाई जगाला शहाणपण शिकवायला निघाली होती!

"आता का कूलरमधून निघू वं?" मारोतराव हसले.

कामिनीला स्वतःची लाज वाटली. तिने कूलरचं पाणी सोडलं. "हा समोरच्या गॅलरीत जाईल, मामाजी."

"तिथली हवा माह्यापर्यंत येते का? सेहेचाळीस डिग्रीत मले मारून राहिली का?"

"तुमची खाट समोर घेऊ. गर्मी सहन होते, धूर नाही होत."

"काहून जिद्द करून राहिली वं," रुख्माबाई म्हणाल्या, आणि कूलरची दुसरी बाजू धरली.

मारोतरावांनी खाट हलवू दिली नाही. उघड्या खिडकीशी घामाने निथळत बसायचे. उमरेडचा हातमाग विकताना ठेवून घेतलेल्या सुताच्या लडी काढून मांडीवर पीळ घालत राहायचे. कामिनीला फार वाईट वाटे. म्हाताऱ्या माणसाला ऊन लागलं तर कोण दोषी? ती दिवसातून चारदा त्यांच्या खाटेवरची चादर ओली करी, पण कूलर तिने परत खिडकीत आणला नाही.

पुढच्याच रविवारी तिने पुन्हा शिट्टी फुंकली. प्रणालीचा हात धरून मागच्या खोलीत आली, तर खाट रिकामी. तेवढ्यात खिडकीबाहेरून आवाज आला.

"किती वेळ लावून राहिल्या वं तुम्ही? मी कवाचा बसलो."

मारोतराव गच्चीवर, टाकीशी, डोक्याला दुपट्टा बांधून बसले होते. खिडकीच्या चौकटीला सुताच्या जाड दोराची मूठ बांधली होती. तिला धरूनच त्यांनी गुडघा वर घेतला होता. खाली, कमरेच्या उंचीवर, आणखी एक छोटी मूठ लोंबत होती.

"ही खालची कोणाची, मामाजी?"

"प्रणालीची. तू घरी नसली त पोट्टी कशी निघंन?"

कामिनीचे डोळे भरून आले. एवढ्या महिन्यांत हे तिच्या मनाला शिवलंच नव्हतं. तिने गळ्यातली शिट्टी काढून प्रणालीच्या गळ्यात घातली.

"मामाजी, आत या," ती म्हणाली. "पुन्हा करू. या खेपेला मी घरात नाही."