डब्याची सावली

यास्मीनबाईंचा इंटरनेटवरच्या विज्ञानावर राग होता, आणि त्याच्यावाचून त्यांचं पानही हलत नव्हतं. सोलापूरहून कुंभारीकडच्या शाळेत जाताना बसमध्ये त्या व्हिडिओ चाळत बसायच्या. एकात ऋतू शिकवताना घरांवर बर्फ पडायचा, दुसऱ्यात प्रयोगाच्या सामानाची यादी ऐकूनच घाम फुटायचा. चाळून चाळून एखादा बरा हाती लागे. तो वर्गातल्या टीव्हीवर लावला की आठवीची पोरं गपगार. मुख्याध्यापक शिवपुत्र सरांना ती शांतता भारी आवडायची. बाईंना मात्र तिची धास्ती वाटे, कारण टीव्ही बंद केल्यावर एकही प्रश्न येत नसे.

म्हणून त्यांनी आठवड्यातून एक तास मैदानावर मागितला होता. "एकदा करून दाखवा," सर म्हणाले. "जमलं तर तास पक्का. न्हाय जमलं तर टीव्ही हायच की."

बाईंनी शून्य सावलीचा दिवस निवडला. सोलापुरात वर्षातून दोनदा सूर्य भरदुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. मे महिन्यातला दिवस सुट्टीत वाया जातो, ऑगस्टमधला शाळेच्या वाट्याला येतो. एका देखण्या व्हिडिओत झकास सांगितलं होतं: बारा वाजता सावली गायब. दुसरं एक कळकट पान होतं, ना चित्र ना रंग. त्यात सोलापूरसमोर बारा तेहतीस लिहिलं होतं. भरदुपार म्हणजे बारा, एवढंही ज्याला कळत नाही त्याचं काय ऐकायचं! बाईंनी ते पान तिथल्या तिथे बाद केलं. शिकलेल्या माणसाला देखणेपणाची भुरळ पडत नाही असं कोण म्हणतं?

त्या दिवशी ऊन कडक पडलं. खिचडी शिजवणाऱ्या बजाबाईंकडून मागून आणलेला सरळ उभा डबा बाईंनी मैदानातल्या फरशीवर ठेवला. बारा वाजले. डब्याच्या पश्चिमेला चांगली चार बोटं सावली ऐसपैस पडलेली.

"व्हिडिओत तर गेलती की," आठवीतली अंकिता म्हणाली.

सर सरळ आत जेवायला निघून गेले. ते बाईंना जास्त लागलं. डबा उचलावा आणि गुपचूप टीव्ही लावावा असं त्यांना वाटलं. मग ते कळकट पान आठवलं.

"पोरांनो, मी आणखी एक वेळ वाचली होती. बारा तेहतीस. चूक समजून तुम्हाला सांगितलीच नाही. थांबायचं?"

"व्हय, बाई!"

अंकिताने सावलीच्या टोकाला खडूची रेघ मारली. थोड्या वेळाने दुसरी, मग तिसरी. रेघा डब्याकडे सरकत चालल्या. "खिचडी गार हुतीया, माझा डबा द्या की," म्हणत बजाबाई आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. सावली बोटभर उरली, मग दोऱ्याएवढी, मग नाहीच. अंकिता डब्याभोवती रांगत एक फेरी मारून आली. कुठेच नव्हती. मग एकच कल्ला झाला आणि पोरं सरांना बोलवायला पळाली.

सर जेवणाचा हात धुऊन येईपर्यंत सावली परत उगवली होती. बाईंना रडू यायचंच काय ते बाकी राहिलं.

"ही काय, हाय की सावली," सर म्हणाले.

"पर सर, ही दुसऱ्या बाजूला हाय," अंकिताने रेघांवर बोट ठेवलं. "मगाशी हिकडं हुती. मधी गेलती."

सर वाकले. त्यांनी रेघा पाहिल्या, डबा पाहिला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"मग माझ्या घड्याळातले बारा कुठले?"

घड्याळ साऱ्या देशाचं एक, पण सूर्य गावोगावी वेगवेगळ्या वेळेला डोक्यावर येतो, हे बाईंच्या आत्ता कुठं लक्षात येत होतं. पण शाळेत इतक्या दिवसांनी कुणीतरी प्रश्न विचारला होता, आणि तोही सरांनी. तो लगेच संपवणं त्यांच्या जिवावर आलं.

"ते पुढच्या तासाला, सर. इथंच, मैदानावर."

सर अजून वाकलेलेच होते. "बरं," ते म्हणाले, "पण मला बोलवा."