सुनेच्या चेंडूसाठी खणलेला खड्डा

मैदान आखणं आणि घर चालवणं ह्यांत मोठ्या बाईंना कधी फरक वाटला नाही. समोरच्याला वाटलं पाहिजे की आपण हवं तिकडे चाललोय, पण त्याने ठेच कुठे खायची ते आपण आधीच ठरवलेलं असावं. घरात त्यांनी कपाटाच्या किल्ल्या, दुधाचं पातेलं आणि टेबलाच्या खुर्च्या अशा मांडल्या होत्या की नव्या माणसाला पाऊल टाकायच्या आधी बाईंच्या तोंडाकडे बघावंच लागे. नवऱ्यामागे गोल्फचा क्लबही त्यांनी तसाच चालवला.

सून तेवढी तोंडाकडे बघत नव्हती. ती चेंडूकडे बघायची. आणि चेंडू तिचं ऐकायचा, हे त्याहून वाईट.

बायकांच्या स्पर्धेत जी जिंकेल ती वर्षभर बायकांची कप्तान, असा क्लबचा रिवाज. गुडघे जाईपर्यंत ती खुर्ची बाईंची होती. मग तिथे त्यांनी डॉक्टरीणबाईंना बसवलं, म्हणजे खुर्ची त्यांचीच राहिली; डॉक्टरीणबाई शिंकायच्यासुद्धा विचारून. यंदा मात्र सून जिंकणार हे उघड होतं. ती त्या खुर्चीत बसली की क्लब गेला, आणि क्लबाच्या मागोमाग घरही गेलंच समजा.

तशात सुनेची आई आजारी पडली आणि सून माहेरी गेली. बाईंनी मुलाला बोलावलं.

मुलगा मैदानं आखायचा. लांबलांबचे लोक त्याला बोलावून न्यायचे. त्यांच्याशी तो जमिनीच्या उतारावरून तासन्‌तास भांडायचा, आणि आईच्या खोलीत शिरताना पावलांचा आवाज होऊ द्यायचा नाही.

"मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात तिचा चेंडू कुठे पडतो रे?"

"कुणाचा?"

"माझ्या सासूचा! घरात आणखी कोण खेळतंय?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "वळणावरच्या झाडांवरून मारते. पलीकडे पडतो आणि डावीकडे घरंगळतो. दुसऱ्या कुठल्या बाईचा तिथवर पोचतच नाही."

"मग तिथेच खण."

"आई, वाळूचा खड्डा मारणाऱ्याला दिसला पाहिजे. दिसला तर तो प्रश्न असतो. न दिसणाऱ्या खड्ड्याला आमच्यात लबाडी म्हणतात."

"आमच्यात त्याला संसार म्हणतात. पुढे उंचवटा घाल, वर गवत लाव. आणि नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण. मी ऐकून घेईन."

तो नाही म्हणाला नाही. त्याच्या तोंडातला 'नाही' बाईंनी त्याचे दुधाचे दात पडायच्या आधीच काढून टाकला होता.

रोज संध्याकाळी सुनेचा फोन यायचा. आईचं औषधपाणी सांगून झालं की ती विचारायची, "मैदान काय म्हणतंय?"

"होतं तसंच आहे," तो म्हणायचा. बाई शेजारी बसून मटार सोलत ऐकायच्या. आवाज कुठे हलतो का ते बघायच्या. हलायचा नाही. पोरगं कामाचं निघालं म्हणून त्यांना बरंही वाटायचं.

क्लबातल्या बायकांनी खड्डा पाहिला, तो कुणासाठी आहे तेही ओळखलं, आणि सगळ्या मूग गिळून बसल्या.

आईला दवाखान्यातून घरी सोडून सून स्पर्धेच्या सकाळी थेट मैदानावर आली. शेवटच्या पट्ट्यापर्यंत ती आणि डॉक्टरीणबाई बरोबरीत होत्या. सुरुवातीच्या जागेवर तिने नवऱ्याकडे बघितलं. "झाडांवरून मारू ना?"

"मार की," तो म्हणाला.

तिने मारला. चेंडू झाडांवरून गेला, पलीकडे उतरला आणि दिसेनासा झाला.

बाईंनी आपली बॅटरीवरची गाडी आधीच खड्ड्याशी नेऊन ठेवली होती. सून झाडांना वळसा घालून आली आणि जागच्या जागी थांबली. उभी भिंत, खाली वाळू, वाळूत चेंडू. ती बराच वेळ नुसती जमीन बघत राहिली.

"हे आईंचं काम नाही," ती सासूकडे बघत मोठ्याने म्हणाली. "माझा चेंडू कुठे पडतो हे आईंना काय ठाऊक? त्या कधी बघायलाही आल्या नाहीत. हे माझ्यासोबत रोज चालणाऱ्याचं काम आहे."

ती खाली उतरली. पहिला फटका भिंतीला लागून चेंडू पायाशी परत आला. दुसराही आला. तेव्हा तिने चेंडू हातात उचलला. "डॉक्टरीणबाई, जिंकलात तुम्ही."

डॉक्टरीणबाईंनी हसावं की नाही हे बाईंकडे बघून ठरवलं आणि हसल्या.

वाळूत उतरलेल्याने आपल्या पावलांच्या खुणा दाताळ्याने आपणच पुसायच्या, हा खेळाचा नियम. सुनेने काठावरचं दाताळं उचललं आणि नवऱ्यापुढे धरलं.

"उतर. तू खणलास, तूच पुसायचास."

तो पॉलिश केलेल्या बुटांनी वाळूत उतरला. सगळा खड्डा ओढून वर आला.

"ती बघ, तुझी पावलं राहिली."

तो पुन्हा उतरला. आता बायका तोंडावर रुमाल धरून हसत होत्या, आणि हसणं सुनेला नव्हतं.

"वर ये आधी!" बाई गाडीतून कडाडल्या. "माळी काय मेलेत सगळे?"

त्याने मान वर केली. आईकडे बघितलं. मग बायकोकडे. बायकोने नुसतं बोट दाखवलं: तिथे, कोपऱ्यात. तो कोपऱ्याकडे वळला.

हुकूम झाला की वाकायचं, एवढंच बाईंनी त्याला शिकवलं होतं. ते इतकं पक्कं शिकवलं होतं की हुकूम कुणाचा, हे बघायची त्याला गरजच राहिली नव्हती.

डॉक्टरीणबाई चषक घेऊन गाडीशी आल्या. "बाई, फोटो काढायचा ना?"

"काढायचा तर! कुणी मेलंय का?" बाईंनी पदर सारखा केला आणि फोटोवाल्याला विचारलं, "मागे तो दिसतोय का रे?"

"दाताळंवाला? दिसतोय, बाई."

"मग गाडी वळव."