कुजबुज ऐकणारी टोपी

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. मला पाहिलंत तर तुम्हाला हसू येईल. मासे धरायच्या जाळ्यासारखं माझं अंग, त्यावर मऊ स्पंजाच्या गोळ्या आणि मागे वेणीसारखी लोंबणारी तारांची जुडी! लहान बाळांच्या डोक्यावर बसायचं आणि त्यांच्या मेंदूत चाललेली विजेची बारीक कुजबुज संगणकापर्यंत पोचवायची, हे माझं काम. मी कुणाला टोचत नाही आणि कुणाच्या मनातलं चोरतही नाही. मी फक्त ऐकते.

कानडी मुलखातल्या बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या बायकांनी भिंगाखाली धरून माझा एकेक धागा गुंफला. मग मला जे. पी. नगरमधल्या एका बालविकास केंद्रात आणलं. तिथल्या डॉक्टर अहल्याबाई चामराजपेटेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या. त्यांच्या मराठीत कानडी साखरेसारखी विरघळलेली असे. मला कोमट मिठाच्या पाण्यात भिजवताना त्या मदतनीस रक्षिताला म्हणत, "अजून स्वल्प गरम कर गं. बाळाला गार लागायला नको."

ज्यांच्या दादाला किंवा ताईला स्वमग्नता आहे, अशी तान्ही बाळं आमच्याकडे येत. स्वमग्नता म्हणजे काही ताप-खोकला नव्हे. जग बघण्या-ऐकण्याची, माणसांशी बोलण्याची मेंदूची ती वेगळी घडण असते. धाकट्या भावंडाची घडणही तशी असण्याची शक्यता जरा जास्त असते. ते लवकर कळलं तर मदतही लवकर सुरू करता येते, म्हणून ही सारी खटपट.

एका सकाळी सुखदा आणि श्रीरंग हे पुण्याहून नोकरीसाठी आलेले आईबाबा आमच्याकडे आले. बरोबर सहा वर्षांचा तनय आणि त्याची तान्ही बहीण मनस्विनी, म्हणजे मनू. तनयला स्वमग्नता होती. आनंद झाला की तो पाखराच्या पंखांसारखे हात फडफडवी. मनूला मात्र स्टीलच्या डब्याच्या झाकणाचं वेड होतं. ते ती जमिनीवर आपटे, आवाज ऐके, पुन्हा आपटे. दर वेळी सुखदा घाईघाईने तिचा हात धरी.

"तनयचंही असंच सुरू झालं होतं, डॉक्टर. तेच तेच, पुन्हा पुन्हा. मला बघवत नाही हो."

"अहो, सगळीच बाळं असं करतात," अहल्याबाई म्हणाल्या. "तेच तेच करूनच तर मेंदू शिकतो. काहींचं ते लवकर सरतं, काहींचं रेंगाळतं. आपण लक्ष ठेवू. पण हात कशाला धरायचा?"

सुखदाने मान हलवली खरी, पण झाकण पिशवीत टाकलं. मनूने भोकाड पसरलं. त्यात मला पाहिल्यावर तर विचारू नका! रक्षिता हरली, श्रीरंग हरला. मीही एका कोपऱ्यात ओलीचिंब पडून राहिले.

तेव्हा तनय पुढे आला. केस कापायचे म्हटलं तरी हा मुलगा घर डोक्यावर घेई. डोक्याला काही लागलेलं त्याला मुळीच खपत नसे. त्याने मला दोन बोटांनी उचललं, हुंगलं आणि चक्क स्वतःच्या डोक्यावर ठेवलं! मी त्याला फार लहान, वाटीसारखी वर बसले. मिठाचं पाणी त्याच्या नाकावरून ओघळलं. मनू रडायची थांबली, टक लावून पाहू लागली आणि खुदकन हसली. मग तिने मुकाट्याने मला डोक्यावर घेतलं.

"श्रीरंग, पाहिलंस? आपल्या तनयने!" सुखदा हसत होती आणि डोळेही पुसत होती. माझं काम संपल्यावर तिने आपणहून झाकण काढून मनूला दिलं.

मनू वाढत गेली. दीड वर्षाची झाल्यावर ती झाकण भोवऱ्यासारखं फिरवू लागली. हाक मारली तरी वळेना. सुखदाचा चेहरा उतरला.

"आत्ताच काही ठरवायचं नाही," अहल्याबाई म्हणाल्या. "पण खेळायला आजपासूनच लागायचं, सरी? बरं ना? तिच्या समोर बसा. झाकण तिला फिरवू द्या. ते पडलं की तुम्ही फिरवा आणि थांबा. घाई नको."

सुखदा मांडी घालून बसली. मनूने झाकण ओढून घेतलं आणि पाठ फिरवली. पण सुखदाने नेट सोडला नाही. पुढच्या खेपेला ती सगळी आली तेव्हा मायलेकी समोरासमोर बसल्या होत्या. झाकण पडलं. सुखदाने ते उचललं आणि हातातच ठेवलं. मनूने मान वर करून थेट आईच्या डोळ्यांत पाहिलं. रक्षिताने टाळ्याच पिटल्या!

पुढे माझं रबर सैल झालं. नवी टोपी आली. मी एका खणात जाऊन पडले, धूळ खात. वाटलं, संपलं आपलं. पण रक्षिताने मला धुऊन खेळण्यांच्या टोपलीत ठेवलं. घाबरलेली बाळं आधी मला हाताळतात, बाहुलीला घालतात, मग नव्या टोपीला भीत नाहीत. त्या टोपलीतूनच मी पुढचं पाहिलं.

मनू तीन वर्षांची होत आली होती. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. अहल्याबाई हळू आवाजात म्हणाल्या, "सुखदा, मनूलाही स्वमग्नता आहे. आता यापुढे..."

इतकी वर्षं सुखदा ज्या शब्दाला भीत होती, तो आला होता. ती काही बोलणार, एवढ्यात कुणीतरी तिची ओढणी ओढली. मनू झाकण पुढे करून उभी होती.

"आई, तू."

मनूच्या तोंडून 'आई' ही हाक सुखदाने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. ती खुर्चीवरून थेट जमिनीवर आली.

"पुढचं जरा मग सांगा हं, डॉक्टर. आत्ता माझी पाळी आहे!"

झाकण गरगर फिरू लागलं. तनयचे हात फडफडू लागले, त्याचं बघून मनूचेही. कुणी ते धरले नाहीत. श्रीरंगही खाली बसत म्हणाला, "आणि माझी पाळी कधी?"

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या घराशेजारी कुणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करताना दिसेल. त्याला हसू नका, त्याचा हात धरू नका. शेजारी जाऊन बसा. आणि तुमची पाळी येईपर्यंत थोडं थांबा.