ज्याचे पाणी

दिनानाथांनी बांधातल्या दाराची, उघाडीची, शेवटची फळी स्वतःच्या हातांनी वर ओढली. तळवे शेवाळाने हिरवे झाले, पण आतले पाणी हलल्यासारखे दिसेना. ओहोटी लागली होती. बांधापलीकडे खाडीचा काळा चिखल उघडा पडत चालला होता आणि बांधाच्या अलीकडे, जिथे लावणीचा भात आता कुठे तग धरत होता, तिथे क्षितिजापर्यंत मळकट, मुके पाणी पसरले होते. त्या अरुंद दारातून ते सगळे बाहेर पडायला दोन ओहोट्याही पुरल्या नसत्या. दुपारी तर अमावस्येचे उधाण येणार होते.

पाणी वसईतून आले होते. रात्रभर कोसळलेला पाऊस नगरपालिकेच्या नव्या पक्क्या गटारातून थेट या खाजणात, बांध घालून खाडीपासून राखलेल्या भातजमिनीत, उतरला होता. आणि खाजण तुडुंब भरल्यामुळे उरलेले पाणी मागे फिरून बाजारपेठेत गुडघाभर साचले होते. म्हणूनच गटार समितीचे अध्यक्ष दिनानाथ चहासुद्धा न घेता इकडे आले होते.

गटाराचा पहिला आराखडा असा नव्हता. शहरातले पाणी आधी वाड्यांमधल्या बावखलांत, केळी-पानवेलींच्या त्या जुन्या तळ्यांत, जिरवायचे आणि उरेल तेवढेच सावकाश खाडीकडे सोडायचे, असे त्यात होते. त्याच वर्षी हिवतापाने त्यांची धाकटी, जयवंती, गेली. तेव्हापासून कुठे साचलेले पाणी दिसले की दिनानाथांचा श्वास अडे. सुधारित आराखडा त्यांचा. बावखले भरून टाकायची आणि गटार सरळ खाजणापर्यंत न्यायचे. पहिले बावखल त्यांनी स्वतःच्याच वाडीतले बुजवले. सभेत कोणी विरोध केला नाही. मूल गेलेल्या बापापुढे कोण बोलणार? खाडीकाठच्या गावाला मात्र विचारायचे राहून गेले.

ते गाव आता बांधावर उभे होते.

"कालपासून शेराचं पानी येतंय," म्हातारा श्रीपत कोणाकडेही न बघता म्हणाला. "आज शेट पन आले. आता निस्ता बाजार यायचा राह्यला."

दोघे-तिघे हसले. हसू फार टिकले नाही.

काय करायचे ते सगळ्यांना ठाऊक होते. पाणी असेच राहिले तर भिजून मऊ झालेला बांध जागोजागी बसेल आणि उधाणाचे खारे पाणी अख्ख्या खाजणात शिरेल. त्यापेक्षा तो एकाच जागी, आपल्या हाताने फोडावा. जागाही ठरलेली होती. बळीरामचे शेत सर्वांत खोलगट. तिथे बांध फोडला की पाणी तासाभरात उतरेल. दुपारी खारे पाणी आत येईल, पण आतला आडवा बांध बाकीची शेते वाचवील. बळीरामचे शेत तेवढे जाईल आणि त्याची माती दोन-तीन वर्षे भात देणार नाही. शहरातलेही पाणी ओसरेल. दिनानाथांनी मनाशी हिशेब केला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली, कारण त्या हिशेबात त्यांना सुटल्यासारखे वाटले होते.

बळीराम कुदळ घेऊन पुढे आला. बांधापाशी थांबला. मग वळून त्याने कुदळीचा दांडा दिनानाथांपुढे धरला.

गावची रीत जुनी होती. ज्याच्या पाण्यापायी बांध फोडायचा, पहिला घाव त्याचा. म्हणजे मागाहून कोणी कोणाकडे बोट दाखवायचे नाही. आजवर पाणी आभाळाचे असे, म्हणून शेताचा धनीच घाव घाली.

"शेत तुझं आहे, बळीराम."

"शेत माजं. पानी तुमचं."

दिनानाथांनी दांड्याकडे पाहिले. तो हातात घेणे म्हणजे हे पाणी आपले, आपण आणलेले, असे चारचौघांत कबूल करणे. उद्या ही गोष्ट सभेत जाईल. बावखले पुन्हा खणली जातील आणि त्यांच्या वाडीत, घरामागे, पुन्हा पाणी साचून राहील.

श्रीपतने घसा खाकरला. ओहोटी कोणासाठी थांबणार नव्हती.

त्यांनी कुदळ घेतली. पहिला घाव उथळ पडला. दुसऱ्याला माती सुटली आणि मग गावचे हात धावले. भगदाडातून पाणी उसळले, त्याबरोबर मुळासकट उपटलेली रोपे, हिरवीगार, चिखलावर जाऊन पडली. बळीरामची बायको रंभा थोडा वेळ ते पाहत उभी होती. भगदाड रुंद होण्याआधीच ती पाठ फिरवून निघून गेली.

दुपार कलता दिनानाथ शहरात परतले. बाजारातले पाणी उतरले होते. दुकानासमोरचा चिखल झाडता झाडता कॉन्रॅड बेकरीवाल्याने हात वर केला.

"दिनूभाऊ, गटार चाललं हो तुमचं!"

ते थांबले नाहीत.

घराच्या पायरीवर रंभा बसली होती. मांडीवर फडक्याने झाकलेला टोप. दारात दिनानाथांची बायको प्रेमलता गोंधळून उभी होती. ही बाई केव्हाची आली आहे, आत ये म्हटले तर येत नाही, काय हवे तेही सांगत नाही, असे तिने दबक्या आवाजात सांगितले. आत तव्यावर बोंबील तडतडत होते.

रंभा उठली. "ज्यानं बांधाला पयला घाव घातला त्याच्या घरी आज चूल पेटत नाय, शेट. सुतक असतं. पेज दुसऱ्याच्या घरची खायाची."

"पण शेत तर तुमचं गेलं," दिनानाथ म्हणाले. "तुमच्या घरी?"

"आमची पेटलीय," ती म्हणाली.

दिनानाथ पायरीवर टेकले. हातांचा चिखल वाळून त्याला चिरा पडल्या होत्या.

"अगं," मान वर न करता ते प्रेमलतेला म्हणाले, "चूल विझव."

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा रंभाकडे, आणि आत गेली. निखाऱ्यांवर पाणी ओतल्याचा आवाज आला. तो पुरता थांबेपर्यंत रंभा तशीच उभी राहिली. मग तिने टोप पायरीवर ठेवला.