उत्तरेकडे तोंड

ज्या दिवशी कासवाची पाठ मऊ पडली, त्याच दिवशी प्रमिलाकाकूंच्या फ्लॅटच्या भिंतीही मऊ पडल्या. कॅलेंडरचा खिळा आपसूक गळून पडला. काकूंनी भिंतीला बोट लावलं तर कणकेसारखा खड्डा पडला आणि तसाच राहिला. मग त्यांनी परातीतल्या कासवाच्या पाठीवर बोट टेकवलं. तिथंही तेच.

काकांना त्याचं काही नाही. "उत्तरेला तोंड आहे ना त्याचं? मग झालं तर," असं म्हणून त्यांनी परातीत तांब्याभर पाणी ओतलं आणि पेपर उघडला.

आता हे पाण्याचं खूळ आलं कुठून? घरात आधी पितळी कासव होतं. ताटलीतल्या पाण्यात, उत्तरेकडे तोंड करून. भरभराट होते म्हणे! पुढे कुणीतरी काकांच्या कानात फुंकलं की जिवंत कासव जास्त पावतं. झालं. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं एक कासव घरी आलं आणि पितळेचा नियम त्यालाही लागू झाला. काकूंनी त्याचं नाव सोनबा ठेवलं. तेव्हापासून सोनबा बिचारा पाण्यात उभा.

त्याचे डोळे सुजून मिटले होते, नाकातून बुडबुडे येत होते. काकूंनी त्याला पदराखाली घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"काकू, अहो हे माळावरचं कासव! पाण्यात कसलं ठेवता? आज कोरडं करा, ऊन दाखवा आणि वनखात्याला कळवा. घरात ठेवायचं नसतंच हे. नाहीतर जाईल बघा."

"मग इतके दिवस ओरडलं कसं नाही हो?"

"त्याला ओरडता येत नाही."

घरी येताच काकू सोनबाला छातीशी धरून गॅलरीकडे निघाल्या. गॅलरीत छान ऊन पडलं होतं. पण हॉल लांबला होता. सोफा मागे पडला, टीव्ही मागे पडला, ऊन मात्र होतं तिथंच. पायाखाली ओल लागली. मागून तांब्याचा आवाज येत होता, आणि प्रत्येक वेळी पाणी वर चढत होतं. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. फरशी गुळगुळीत, पिवळी झाली होती.

"अगं, तिकडे कुठे? ती दक्षिण!" काका म्हणाले.

"मरू दे तुमची दक्षिण! जीव चाललाय त्याचा!"

शेवटी गॅलरी आली. तिथं कठडा नव्हता, परातीचा काठ होता, काकूंच्या डोक्याइतका उंच. त्यांनी टाचा उंचावल्या, हात ताणले आणि सोनबाला काठापलीकडे उन्हात ठेवलं. तिकडे कोरडं गवत होतं. सोनबानं एक डोळा किलकिला केला, मान बाहेर काढली आणि चालू लागला. काकूंना रडूच आलं.

मग त्यांनी स्वतः काठ धरला. पाय घसरला. पुन्हा धरला, पुन्हा घसरला. त्यांनी काकांना हाक मारायला तोंड उघडलं. आवाज आला नाही.

काकांनी त्यांना दोन्ही बाजूंनी अलगद उचललं, वळवलं आणि उत्तरेकडे तोंड करून ठेवलं. मग तांब्या भरायला आत गेले.