बेटाचं रक्त

दवाखान्याच्या भोंग्यावरून रक्तासाठी हाक आली, की इसाबुरो हातातला रंधा टाकून पळत सुटायचा. होड्या दुरुस्त करणारा हा सडाफटिंग माणूस गिऱ्हाइकाला महिनोन्‌महिने लटकवून ठेवील, पण रक्त द्यायला त्याच्याआधी कोणी पोचलंय असं जपानच्या गोतो बेटांपैकी त्या बेटावर क्वचितच घडलं असेल. आणि दिल्यावर त्याची टिमकी वाजवणं काही संपायचं नाही. "नागासाकीहून येणाऱ्या बाटलीत कुणा दारुड्याचं रक्त असेल, काय सांगावं? आपलं कसं, मासे नि मीठ. चोख माल!"

सात वर्षांपूर्वी तोकुजी कोळ्याची बायको किनुए बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबेना. डॉक्टर कुवाहारा म्हणाले, दुपारच्या बोटीने बाटल्या येतायत, तेवढा वेळ सलाईनवर निभेल. इसाबुरोने बाही वर केली. "परक्याचं कशाला भरता हिच्या अंगात? मी आहे ना!" तोकुजीला ते पटलं. बेटावर कुणालाही पटलं असतं.

किनुए वाचली. रक्त देणाऱ्याच्या घरी लाल भात पाठवायची बेटाची रीत होती, पण ती एकदाच. किनुए मात्र दर वर्षी मुलीच्या वाढदिवसाला पाठवी. सायो चालायला लागल्यापासून डबा तीच आणायची आणि इसाबुरो दर वर्षी तेच म्हणायचा, "सायो, तुझ्यात माझाही वाटा आहे बरं का!" तिला ते फार आवडे.

या शरद ऋतूत रक्तपेढीची गाडी बोटीने आली, ती नवी तपासणी घेऊनच. मग डॉक्टरांनी इसाबुरोला बोलावून घेतलं.

"इसाबुरो-सान, यापुढे रक्त देऊ नका."

"का? म्हातारा झालो म्हणून?"

"तुमच्या रक्तात एक विषाणू आहे. आईच्या दुधातून आला असावा. आपल्या बेटांवर पुष्कळांत सापडतोय. तुम्हाला बहुधा कधीच काही होणार नाही. थोड्याच जणांना होतं. कुणाला रक्ताचा कर्करोग, कुणाचे पाय आखडत जातात. त्यांनाच का, ते आम्हालाही अजून उमगलेलं नाही."

पाय म्हटल्याबरोबर इसाबुरोला किनुए आठवली. दोन वर्षं झाली, ती काठी टेकत चालत होती. काठी त्यानेच तर कामेलियाच्या लाकडाची करून दिली होती, वर चेष्टाही केली होती, "एवढ्यात म्हातारी झालीस होय गं?"

"आणि मी ज्यांना दिलं ते?" त्याने विचारलं.

डॉक्टरांनी जुनी नोंदवही पुढे ओढली. "तेव्हा ही तपासणीच नव्हती. बाटल्यांचीही नव्हती. आता ज्यांना ज्यांना दिलंत त्या सगळ्यांना बोलावतोय मी."

बाटल्यांत काय होतं ते देवाला ठाऊक. पण बाटल्या बाही वर करून पुढे धावल्या नव्हत्या. धावला होता तो. ही गोष्ट तिला दवाखान्यात परस्पर कळावी, हे त्याला सहन होईना. तरी दोन दिवस तो तिच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परतला. तिसऱ्या दिवशी मात्र मनाचा हिय्या करून आत गेला.

किनुए वाळवणासाठी रताळ्याच्या चकत्या करत बसली होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, डॉक्टरांनी सांगितलं तस्सं, आणि मान खाली घातली. "तुझे पाय मी घालवले गं. मोठेपणा मिरवायला गेलो."

"वेडे आहात झालं, काका," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही धावला नसतात तर? पायांचं काय, चालतेय ना अजून. बसा आधी."

तो टेकला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याला धड श्वास घेता आला. किनुएची सुरी पुन्हा चालू झाली, आणि मध्येच थांबली.

"काका, तुम्हाला तो कशातून आला म्हणालात?"

"आईच्या दुधातून," इसाबुरो बोलून गेला. मघाशीही सांगितलं होतं त्यानेच. पण त्या शब्दांचा अर्थ त्यालाही आत्ताच लागत होता.

"दोन वर्षांची होईस्तोवर पाजलं मी सायोला," किनुए सावकाश म्हणाली. "दूध कमी येत होतं. सासूबाई म्हणायच्या, डब्यातली पावडर दे. मीच हट्टाला पेटले. म्हटलं, परकं कशाला पोरीच्या पोटात? मी आहे ना."

"तिला नसेलही," तो कसंबसं म्हणाला. "सगळ्याच पोरांना जात नाही म्हणे."

"नसेलही," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

तेवढ्यात सायो आतून आली. आज सात पुरी झाली म्हणून तिने लाल किमोनो घातला होता, आणि हातात लाखेचा डबा होता. "काका, इथेच आलात? मी तुमच्याकडेच निघाले होते."

इसाबुरोने दोन्ही हातांनी डबा घेतला. भात अजून गरम होता. सायो त्याच्यासमोर उभीच राहिली, वाट पाहत.

"आज नाही म्हणणार, काका? माझ्यात तुमचाही वाटा आहे म्हणून?"